ग्रीष्मातील आतप आणि पाळीव मांजर : वैद्य व औषधविक्रेत्यांनी ध्यानात ठेवावयाच्या बाबी

प्रस्तावना

चैत्र सरत आला की ऊन लागणे, घोळणा फुटणे, उन्हाळी लागणे या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढू लागते. त्यांच्यासोबत अलीकडे आणखी एक प्रश्न आपल्यापुढे येतो. नित्याचा रुग्ण आपले औषध घेऊन उठता उठता विचारतो, "वैद्यराज, आमच्या मांजराला उष्णता झाली आहे. दिवसभर धापा टाकते. काहीतरी थंड द्या ना!" औषधालयाच्या काउंटरवर तर हा प्रश्न अधिकच मोकळेपणाने विचारला जातो. आयुर्वेदिक औषध म्हणजे निरुपद्रवी, तेव्हा लहान मुलाला देतो त्याच्या निम्मे मांजराला द्यावे, अशी विचारणाऱ्याची समजूत असते. परिचयामुळे भीड पडते आणि पुडीत अर्धी गोळी बांधून दिली जाते.

या अर्ध्या गोळीविषयी प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे. मांजराचे उन्हापासून रक्षण करण्यास आपल्या शास्त्रातील ऋतुचर्या व निदानपरिवर्जन हे दोन सिद्धांत पुरेसे उपयोगी पडतात. मात्र मनुष्यासाठी सांगितलेली औषधे, मग ती कितीही शीतवीर्य असोत, मांजराच्या शरीरात निराळ्या रीतीने वागतात आणि त्यांतील काही प्राणघातक ठरतात.

शास्त्रातील मार्जार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात मांसवर्गाचे वर्णन करताना मार्जाराची गणना 'प्रसह' गटात, म्हणजे भक्ष्य झडप घालून खाणाऱ्या प्राण्यांत केली आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सेहेचाळिसाव्या अध्यायात तोच प्राणी सिंह, व्याघ्र यांच्या पंक्तीत 'गुहाशय' म्हणून येतो. ही वर्गीकरणे आहाराच्या संदर्भात केलेली आहेत. तरीही प्रसह हा शब्द मांजराचा मांसाहारी पिंड सांगतो आणि गुहाशय हा शब्द त्याची विश्रांतीची रीत सांगतो. गुहा म्हणजे सावली, गारवा आणि एकांत. उन्हाळ्यात मांजराला काय हवे, याचे अर्धे उत्तर या एका शब्दात आहे.

हत्तीसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आणि अश्वासाठी शालिहोत्राची परंपरा उपलब्ध आहे. प्रत्येक प्राण्याची प्रकृती वेगळी, म्हणून त्याचे शास्त्र वेगळे, हे आपल्या पूर्वसूरींनी यातून मान्य केलेले दिसते. मनुष्याची मात्रा वजनाच्या हिशेबाने कमी करून मांजराला देणे या परंपरेशीही विसंगत आहे.

मांजराचे शरीरवैशिष्ट्य

निरोगी मांजराचे शारीर तापमान सुमारे १००.४ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. मनुष्याच्या दृष्टीने हा ताप होय, मांजराच्या दृष्टीने नव्हे. त्यामुळे 'अंग गरम लागते' एवढ्यावरून ज्वराचे अनुमान करू नये. विश्रांतीच्या वेळी श्वसनाची गती मिनिटास साधारणतः २० ते ३० असते.

मनुष्यात स्वेद हा शरीर थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग आहे. मांजरात घाम येणाऱ्या ग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या गाद्यांमध्ये असतात आणि त्यांतून शरीर फारसे थंड होत नाही. मांजर अंग चाटते तेव्हा केसांवर पसरलेली लाळ वाळते व थोडा गारवा मिळतो. मुख्य उपाय म्हणजे हालचाल थांबवून गार जागी पडून राहणे. कुत्रा तोंड उघडून सहज धापा टाकतो. मांजर तसे करू लागले तर ते बहुधा संकटाचे चिन्ह असते. रुग्ण सहजपणे सांगतो ते 'दिवसभर धापा टाकते' हे वाक्य म्हणूनच गंभीरपणे घ्यावे.

पाळीव मांजराचे पूर्वज पश्चिम आशियातील व उत्तर आफ्रिकेतील शुष्क प्रदेशातले रानमांजर आहेत. त्या वारशामुळे मांजराला तहान कमी लागते आणि त्याची लघवी अतिशय घट्ट असते. शिकारीच्या मांसातून पाणी मिळत होते तोवर हे चालून गेले. कोरड्या दाणेदार खाद्यात सुमारे १० टक्के, तर ओल्या मांसाहारात ७० ते ८० टक्के पाणी असते. दररोज दर किलो वजनास साधारणतः ५० मिलिलिटर पाणी, अन्नातील पाणी धरून, पोटात जावे लागते. केवळ दाण्यांवर राहणाऱ्या चार किलोच्या मांजराने त्यासाठी जवळजवळ पाव लिटरच्या घरात पाणी प्यायला हवे आणि बहुतेक मांजरे ते पीत नाहीत.

सकाळचे कोवळे ऊन ड जीवनसत्त्वासाठी हितकर, हा सल्ला आपण नेहमी देतो. मांजराला तो लागू पडत नाही. त्याच्या त्वचेत सूर्यप्रकाशाने पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही. ते त्याला मांसाहारातूनच मिळवावे लागते. तेव्हा 'ऊन खाऊ द्या, हाडे बळकट होतील' असे सांगू नये.

आतपाचे दोन परिणाम

उन्हाचा परिणाम दोन प्रकारे होतो. पहिला उष्णतेचा व तत्काळ दिसणारा, दुसरा किरणांचा व वर्षानुवर्षे साचत जाणारा.

(१) उष्माघात : मांजर उष्णतेला पुष्कळ अंशी सोसणारे आहे आणि मोकळे असेल तर स्वतःच सावली शोधते. म्हणून उष्माघात झालेल्या मांजराच्या बाबतीत 'त्याला निसटता का आले नाही' हा पहिला प्रश्न असावा. उत्तर बहुधा पुढीलपैकी एक असते : चुकून बंद झालेली काचेची गॅलरी, पत्र्याच्या छपराखालील खोली, उभी केलेली मोटार, प्रवासाची टोपली, किंवा विजेअभावी पंखा बंद पडलेली वरच्या मजल्यावरील सदनिका. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीतील तापमान मुख्यतः पहिल्या अर्ध्या तासातच धोकादायक पातळीपर्यंत चढते. काच बोटभर खाली ठेवल्याने फरक पडत नाही. चपट्या नाकाची पर्शियन मांजरे, स्थूल मांजरे, पिल्ले, वृद्ध मांजरे आणि हृदय किंवा श्वसनाचा विकार असलेली मांजरे यांना धोका अधिक असतो.

आरंभी अस्वस्थता, सतत अंग चाटणे व लाळ गळणे दिसते. पुढे तोंड उघडून श्वास, हिरड्या लालभडक होणे, वांती, चालताना झोकांड्या आणि शेवटी मूर्च्छा किंवा आक्षेप अशी लक्षणे क्रमाने वाढतात. तापमान १०४ अंशांच्या पुढे जाऊन ही लक्षणे दिसत असतील तर ती आत्ययिक अवस्था समजावी.

(२) त्वचेवरील परिणाम : पांढऱ्या किंवा पांढरे कान-नाक असलेल्या मांजरांत कानाची पाळी, पापण्या व नाकाचा शेंडा या विरळ केसांच्या, रंगद्रव्यहीन जागी ऊन बाधते. प्रथम कानाची कड लाल होते, कोंडा सुटतो, कड किंचित वळते. उन्हाळा संपला की बरे वाटते, पुढील उन्हाळ्यात पुन्हा तेच. काही वर्षांनी खपली धरते, ती निघून व्रण होतो आणि तो भरत नाही. हा भरून न येणारा व्रण त्वचेचा कर्करोग असू शकतो.

या व्रणाबाबत वैद्यवर्गाने विशेष सावध असावे. कानावरील जखम म्हणून जात्यादि तेल किंवा खरूज समजून गंधकाचे मलम मागितले जाते. मांजराची खरूजही कानाच्या कडेपासूनच सुरू होत असल्याने नुसत्या नजरेने निदान करणे कठीण असते. पांढऱ्या मांजराच्या कानावर दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसला तर मलम न देता पशुवैद्यकाकडे पाठवावे. आरंभीच्या अवस्थेत कानाच्या पाळीचा रोगट भाग शस्त्रकर्माने काढल्यास मांजर पूर्ण बरे होण्याची शक्यता चांगली असते. मलमांत गेलेले सहा महिने ही संधी घालवतात.

खिडकीच्या साध्या काचेतून दाहक किरणांचा मोठा भाग अडवला जातो, तरी अतिनील किरणांतील 'अ' गट आत येतोच. पांढरे मांजर रोज दुपारी काचेआड उन्हात झोपत असेल तर पडदा लावावा.

औषधी द्रव्यांचा धोका

येथे दोन गोष्टी मुळाशी आहेत. पहिली म्हणजे मांजराच्या यकृतातील उणीव. फिनॉल जातीची अनेक द्रव्ये निर्विष करून बाहेर टाकण्यासाठी यकृतात जी ग्लुकुरोनिडेशन ही प्रक्रिया चालते, ती मांजरात अत्यंत मंद असते. या प्रक्रियेतील एका महत्त्वाच्या एन्झाइमचे जनुक मांजरात निकामी झालेले असल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून दिले गेले. म्हणून चार किलोचे मांजर आणि चार किलोचे अर्भक यांची तुलना होऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट मांजराची चाटण्याची सवय. अंगाला लावलेले काहीही ते काही मिनिटांत चाटून काढते. मांजराच्या बाबतीत प्रत्येक लेप हे अभ्यंतर औषधच समजावे.

या दृष्टीने उन्हाळ्यात मागितल्या जाणाऱ्या नेहमीच्या द्रव्यांचा विचार करू.

१. कांदा : ऊन लागल्यावर कांद्याचा रस तळपायांना चोळण्याची आपल्याकडे रीत आहे. मांजरात कांदा व लसूण रक्तकणांचा नाश करतात. दर किलो वजनास सुमारे ५ ग्रॅम कच्चा कांदा विषारी ठरल्याचे नमूद आहे. म्हणजे लहान मांजराला अगदी लहान फोडही पुरते. पंजांना चोळलेला रस चाटून पोटातच जातो.

२. अमृतधारा, कापूर, वेदनाहर बाम : अमृतधारेत कापूर, पुदिन्याचे सत्त्व व ओव्याचे सत्त्व असते. ओव्याचे सत्त्व हे फिनॉल जातीचे, तर कापूर मज्जासंस्थेवर परिणाम करून आक्षेप आणणारा. यांचा एक थेंबही मांजराच्या अंगाला लावू नये. निलगिरी तेल आणि गंधपुरा तेल यांनाही हाच नियम लागू आहे. गंधपुरा तेलातील सॅलिसिलेट मांजराच्या शरीरातून निम्मे बाहेर पडण्यासच दीड दिवसाहून अधिक काळ लागतो.

३. आसव-अरिष्टे : उशीरासव, चंदनासव ही दाहशामक म्हणून लोकप्रिय आहेत. त्यांत स्वयंजनित मद्यांश असतो आणि तो मांजराला सोसत नाही.

४. रसकल्प : आम्लपित्तात वापरला जाणारा सूतशेखर पारद, वत्सनाभ व धत्तूरबीजयुक्त आहे. मनुष्यातही मात्रेचे भान ठेवून वापरावयाच्या या कल्पाचा कण-अर्धा कण अंदाजाने मांजराला देणे म्हणजे विषप्रयोगाचा धोका पत्करणे होय. कामदुधा, प्रवाळ, मौक्तिक यांची मांजरासाठी मात्रा ठरलेली नाही. तेव्हा तीही देऊ नयेत.

५. यशदयुक्त लेप : झिंक ऑक्साइड असलेली सनस्क्रीन मलमे व कॅलामाइन लोशन चाटल्यास पोटाचा क्षोभ होतो, मात्रा अधिक असल्यास रक्तकणांचा नाश होतो. पांढऱ्या मांजरासाठी सनस्क्रीन हवेच असेल तर झिंक व सॅलिसिलेट नसलेले, प्राण्यांसाठी बनवलेले, पशुवैद्यकाने सुचवलेलेच वापरावे.

६. कोरफड : भाजल्यावर लावतो तशी कोरफड लावण्याचा मोह होतो. पानाच्या सालीखालील पिवळ्या चिकाने मांजरास वांती व अतिसार होतात आणि आधीच कमी असलेला जलांश आणखी घटतो.

७. सरबते व दूध : मांजराला गोड चव कळत नाही, तिची जाणीव करून देणारे जनुक त्याच्यात निकामी असल्याचे २००५ मध्ये दाखवले गेले. गुलकंद, पन्हे, कोकम सरबत यांचा म्हणूनच त्याला उपयोग नाही. प्रौढ मांजरांपैकी अनेकांना दुधातील साखर पचत नाही व द्रवमल होतो. पाण्याला पर्याय म्हणून दूध देऊ नये.

८. पॅरासिटामॉल : ज्या औषधालयांत दोन्ही प्रकारची औषधे विकली जातात त्यांच्यासाठी हा इशारा आहे. अंग तापले म्हणून दिलेली ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे.

ग्रीष्मचर्या : काय सांगावे

औषध नाकारल्यावर विचारणाऱ्यास रिकाम्या हाती परत पाठवू नये. पुढील सल्ला वैद्याने व विक्रेत्याने निःशंकपणे द्यावा.

निवास : सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत मांजर घरात ठेवावे. घरातील सर्वांत गार जागा, बहुधा न्हाणीघर किंवा खालच्या मजल्याची फरशी, त्याला दिवसभर मोकळी असावी. पुठ्ठ्याचे आडवे ठेवलेले खोके ही त्याची गुहा होय; ते फरशीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. घराबाहेर पडण्यापूर्वी मांजर कोठे आहे हे पाहूनच गॅलरीचे, कपाटाचे व मोटारीचे दार लावावे.

प्रदेशभेद : विदर्भ-मराठवाड्याच्या जांगल हवेत वाळ्याच्या ताट्या किंवा पाण्याचा कूलर उत्तम काम देतो. कोकण व गोव्याच्या आनूप हवेत बाष्पीभवन मंद असल्याने तो निरुपयोगी ठरतो. तेथे वारा खेळता ठेवणे महत्त्वाचे. घाम न येणाऱ्या प्राण्याला नुसत्या पंख्याचा लाभ कमी मिळतो. ओल्या फडक्याने अंग व पंजे पुसून मग पंखा लावल्यास गारवा येतो.

जल : मातीची उथळ, पसरट परळे तीन-चार ठिकाणी, अन्नापासून व मलमूत्राच्या पेटीपासून दूर ठेवावीत. पाणी दिवसातून दोनदा बदलावे.

आहार : पहाटे व सूर्यास्तानंतर थोडे थोडे द्यावे. उकडलेले कोंबडीचे मांस वा मासा, मीठ-कांदा-लसूण न घातलेल्या पाण्यासह द्यावा. किनारपट्टीवर मांजरांना सुकट व सुके बोंबील घालण्याची पद्धत आहे. खारवलेले मासे उन्हाळ्यात टाळावेत. ओले अन्न तासाभरात उचलून घ्यावे.

केस : लांब केसांचे मांजर रोज विंचरावे. संपूर्ण केस भादरू नयेत. केस उन्हापासून त्वचेचे रक्षणही करतात.

मूत्रावरोध : उन्हाळ्यात पाणी कमी पडल्यास, विशेषतः बोक्यांत, मूत्रमार्ग अडतो. बोका वारंवार पेटीत बसून कुंथतो व लघवी होत नाही, असे कोणी सांगितले तर गोक्षुर वा चंद्रप्रभा देऊन वाट पाहू नये. एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

उष्माघातातील प्रथमोपचार

फोनवरून कोणी विचारल्यास क्रमाने पुढीलप्रमाणे सांगावे. मांजर सावलीत आणावे. अंगावर साधे पाणी ओतून पोट, जांघा व पंजे भिजवावेत आणि पंखा लावावा. मे महिन्यात गच्चीवरील टाकीचे पाणी कढत असते. ते न वापरता माठातले किंवा जमिनीखालील टाकीचे घ्यावे. बर्फ थेट अंगावर ठेवू नये. ओले फडके गुंडाळून ठेवल्यास ते लवकरच गरम होऊन उष्णता अडवते, म्हणून ते सारखे बदलावे. शुद्धीवर असल्यास पाणी पुढे ठेवावे. बेशुद्धावस्थेत तोंडात पाणी वा औषध घालू नये. तापमान १०३ अंशांच्या आसपास आले की थंड करणे थांबवावे. मांजर उठून बसले तरी पशुवैद्यकाकडे न्यावेच, कारण वृक्क व रक्तस्कंदन यांवरील दुष्परिणाम एक ते तीन दिवसांनी प्रकट होऊ शकतात.

वैद्याची मर्यादा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सा करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे. आपली पदवी व नोंदणी मनुष्याच्या चिकित्सेपुरती आहे. प्राण्यांसाठीची आयुर्वेदिक औषधे कायद्याला मान्य आहेत, परंतु गाईसाठी किंवा कुत्र्यासाठी बनवलेले औषध मांजराला चालेलच असे नाही, हेही विक्रेत्याने ग्राहकास सांगावे. प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक, रात्रीच्या सोयीसह, भिंतीवर लावलेला असावा. उन्हाळा लागण्यापूर्वी करावयाची ही सर्वांत सोपी तयारी आहे.

उपसंहार

मांजर स्वतःची ऋतुचर्या जन्मतःच जाणते. सावली, गारवा, पाणी आणि तेथपर्यंत जाण्याची मोकळी वाट एवढे त्याला मिळाले तर ग्रीष्म ते निभावून नेते. ही वाट बंद होऊ न देणे हेच येथील निदानपरिवर्जन होय. विचारणारा आपल्याकडे विश्वासाने येतो. त्याला पुडी न देता पाव तास बसवून वरील चार गोष्टी समजावून सांगितल्या, तर मांजराचा जीव वाचतो आणि त्या घराचा वैद्यावरील विश्वासही दृढ होतो. वैद्यबंधु-भगिनींनी व औषधालयाच्या चालकांनी या उन्हाळ्यात आपल्या सहायकांनाही एवढे अवश्य सांगून ठेवावे, ही नम्र विनंती.